घरच्या लेखनपाठात अभंगाचा छंद कसा वापरावा

घरीच शिकणाऱ्या मुलाला ‘निबंध पुन्हा लिही’ असे सांगितले की ते बहुधा तोच मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून आणते. छोट्या काव्यप्रकारात अक्षरांची मोजणी ठरलेली असल्यामुळे शब्द बदलणे भागच पडते. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी सुरुवात ‘मोठा अभंग’ या चार चरणांच्या छंदाने करावी, कारण त्याची चाल कानावर पडलेली असते.

प्रथम ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ ही ओळ मोठ्याने म्हणावी आणि अक्षरे मोजायला सांगावीत. सहा, सहा, सहा व चार ही रचना, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या चरणांतील यमक, मुलाला स्वतःलाच सापडू द्यावे. जोडाक्षर एकच धरावे आणि अनुस्वार वेगळा मोजू नये. टाळ्या वाजवून मात्र मोजू नये: बोलताना ‘अंगण’ दोन टाळ्यांत संपते, पण छंदात त्याची तीन अक्षरे होतात.

त्यानंतर त्याच दिवशी पाहिलेल्या गोष्टीवर एक साधे गद्य वाक्य लिहून घ्यावे. उदाहरणार्थ, ‘बाहेर पाणी साचले होते, म्हणून मांजर दारातच उपाशी बसून राहिले.’ आता हे वाक्य चरणांत बसवायचे. ‘अंगणात पाणी’ सहज जमते. ‘दारात मांजर’ हीसुद्धा सहा अक्षरेच आहेत, पण पुढे ‘राहिले उपाशी’ आले की यमक अडते. येथे पालकाने उत्तर पुरवण्याचा मोह आवरावा. शब्दांची जागा आणि विभक्ती बदलून पाहा, एवढेच सुचवावे. थोड्या खाडाखोडीनंतर असे काही हाती येते:

अंगणात पाणी । मांजर दाराशी ।
राहिले उपाशी । वाट पाहे ॥

या छंदात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोजला जात नाही, त्यामुळे शुद्धलेखनाची दुरुस्ती शेवटी केली तरी रचना बिघडत नाही. लाल पेन्सिल तोवर बाजूला ठेवलेली बरी.

पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग हायकूत, म्हणजे तीन ओळींच्या छोट्या कवितेत, लिहायला द्यावा. पाच, सात, पाच अशी मोजणी जपानी भाषेतून आली. तेथे दीर्घ स्वराच्या दोन मात्रा धरतात, तर आपण अक्षरे मोजतो, आणि मराठी हायकूत ही मोजणी नेहमी काटेकोर असतेच असे नाही. मराठीत हा प्रकार कवयित्री शिरीष पै यांनी रुजवला. येथे यमकाचा आधार नाही आणि ‘उपाशी’ हे सांगण्याऐवजी दाखवावे लागते:

ओले अंगण
दाराशी मांजराची
शेपटी हले

ग्रंथातली ओवी सोपी वाटली तरी तिची अक्षरसंख्या सैल असते, म्हणून ती नंतरच घ्यावी. प्रत्येक कच्चा मसुदा तारीख घालून वहीत ठेवावा. महिनाअखेरीस कोणता शब्द का बदलला, हे मुलाने दोन-तीन गद्य वाक्यांत लिहावे.