रानपिंगळा असो की डॉल्फिन, मोजणीत या चुका टाळा

थंडी पडली की यावल-रावेरपासून शहादा-तळोद्यापर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा हे दुर्मीळ, छोटं घुबड शोधणारी, दुर्बिणी गळ्यात घातलेली पोरं दिसू लागतात. दुपारी खाली उतरली की टपरीवर पहिला प्रश्न ठरलेला : "कितला दिसनात भो?" विचारायला हरकत नाही. पण त्याचं उत्तर हीच रानपिंगळ्यांची संख्या असं समजून जे अहवाल लिहिले जातात, त्यांचा संवर्धनाला काडीचा उपयोग होत नाही. चार दिसले म्हणजे चार आहेत की चौदा, हे सांगता आलं तरच ती मोजणी.

गंगेतल्या डॉल्फिनवाल्यांना ही अडचण पहिल्यापासून माहीत आहे, कारण त्यांचा प्राणी बहुतेक वेळ गढूळ पाण्याखाली असतो. श्वासापुरता वर येतो, चोच आणि पाठ क्षणभर दिसते आणि संपलं. मार्च २०२५ मध्ये देशातल्या नदी-डॉल्फिनचा ६,३२७ हा आकडा जाहीर झाला. तो आठ राज्यांतल्या २८ नद्यांमधून साडेआठ हजार किलोमीटरच्या सर्वेक्षणावर बांधलेला अंदाज आहे. डॉल्फिन मोजण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यातल्या बऱ्याच आपल्याला सातपुड्यात जशाच्या तशा वापरता येतात.

एकाच्याच डोळ्यांवर भिस्त ठेवणे

गटात एकाची नजर तयार असते. बाकीचे त्याच्या बोटाकडे बघतात आणि वहीत त्याचेच पक्षी उतरवतात. असे पाच जण गेले काय नि एक गेला काय, सारखंच.

त्यापेक्षा दोन स्वतंत्र निरीक्षक ठेवा. डॉल्फिनसाठी दोन होड्या एकामागून एक सोडतात किंवा एकाच होडीवर दोन वेगळ्या टोळ्या बसवतात. आपण एकाच जागी दहा मिनिटं दोघांना उभं करायचं, दोघांच्या वह्या वेगळ्या. समजा दिवसभरात पहिल्याला १२ पक्षी दिसले, दुसऱ्याला १०, आणि त्यातले ८ दोघांनाही दिसले. म्हणजे दुसऱ्याच्या १० पैकी ८ पहिल्याने टिपले होते, त्याची पकड ८० टक्के. मग १२ हे एकूण पक्ष्यांचे ८० टक्के धरायचे. एकूण आले १५. दोघांनी मिळून वेगवेगळे १४ पाहिले होते, तेव्हा एखादा दोघांच्याही नजरेतून निसटला असं हे गणित सांगतं.

आता त्याच दोघांनी कुजबुज केली असं धरा. "अरे तो बघ, सागाच्या शेंड्यावर." झालं! दुसऱ्याच्या वहीतही १२, समाईकही १२, आणि गणित छातीठोकपणे सांगणार की पक्षी बाराच आहेत. बोट दाखवणं, खोकून इशारा करणं, मान वळवून मित्र कुठे बघतोय ते पाहणं, हे सगळं बंद. खान्देशी माणसाला दहा मिनिटं गप्प उभं राहणं जड जातं, हे मान्य.

समाईक पक्षी कोणते, हा वाद संध्याकाळी हमखास होतो. निघतानाच दोघांची घड्याळं मिळवून घ्या आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ, दिशा, अंतर लिहा. अंतराचा तर आनंदच असतो : जवळचा पक्षी पन्नास मीटर आणि लांबचा शंभर, मधलं काहीच नाही! सरावाला केळीचा बाग उत्तम. लागवड दीड मीटरवर असेल तर बांधावर उभं राहून अंतराचा अंदाज सांगायचा, मग ओळी मोजायच्या आणि दीडने गुणायचं. टेपही लागत नाही.

एकदाच जाऊन 'इथे नाही' म्हणणे

दोन निरीक्षक ठेवले तरी ढोलीत बसलेला पक्षी दोघांनाही दिसणार नाही. पाण्याखालच्या डॉल्फिनचं तेच. तिथे पाण्यात मायक्रोफोन सोडून आवाज टिपतात, कारण हा जवळजवळ आंधळा प्राणी सतत टिकटिक करत, त्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. आपल्याकडे त्याला पर्याय म्हणजे त्याच जागी पुन्हा पुन्हा जाणं. पक्षी असलेल्या जागीही तो दोन फेऱ्यांत एकदाच सापडत असेल, तर एका फेरीत रिकामी दिसलेली जागा खरंच रिकामी आहे की नाही हे नाणं उडवूनच ठरवावं लागेल. चार फेऱ्या केल्या तर चारही वेळा हुकण्याची शक्यता सोळात एक उरते.

आणि रिकामी फेरीसुद्धा वहीत हवी. 'काहीच दिसलं नाही, मग काय लिहायचं?' असं म्हणून कोरं पान सोडणारे बरेच असतात. २००६ मध्ये चीनच्या यांगत्से नदीत बायजी डॉल्फिनचा शोध घेतला गेला : सुमारे ३,५०० किलोमीटर, सहा आठवडे, आणि एकही दिसला नाही. किती अंतर, किती वेळ, किती डोळे हे सगळं नोंदलेलं होतं म्हणूनच त्या शून्यावरून ही जात जवळपास संपली असं म्हणता आलं.

चांगल्या जागेच्या हिशेबाने अख्खं जंगल मोजणे

रानपिंगळ्याला विरळ, मोकळं सागाचं रान आवडतं. आपण पायवाटेने, जंगलाच्या कडेने चालतो, तिथेच तो भेटतो. समजा दोन चौरस किलोमीटरमध्ये चार दिसले. यावल अभयारण्य सुमारे १७८ चौरस किलोमीटरचं. कुणीतरी मोबाइलवर गुणाकार करतो आणि ३५६ चा आकडा बातमीत जातो. जगभरातले प्रौढ रानपिंगळे मिळून हजाराच्या आत असावेत असा अंदाज असताना एकट्या यावलमध्ये साडेतीनशे? चालायच्या रेघा आधी नकाशावर आखा, त्यात दाट झाडी, नाले, अतिक्रमणाची शेतं सगळं येऊ द्या, आणि वाट नसली तरी तिथे जा. वनखात्याची परवानगी मात्र आधी.

हंगाम बदलून तुलना करणे

फाल्गुनात साग निष्पर्ण असतो, पक्षी लांबून दिसतो. भर पावसात त्याच झाडाखाली उभं राहूनही दिसत नाही. म्हणून मार्चची मोजणी आणि ऑगस्टची मोजणी शेजारी ठेवून 'निम्मे झाले' अशी बोंब ठोकू नये. डॉल्फिनही पाणी उतरल्यावर खोल डोहांत गोळा होतात, पुरात पांगतात. महिना तोच, वेळ तीच, वाट तीच.

ओळखीत घाई

गावातल्या वड-पिंपळावरचा पिंगळा डोक्यावर आणि पाठीवर ठिपकेदार. रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळजवळ बिनठिपक्याचं, पोटाचा मधला भाग पांढराशुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे, पाय जाडजूड. तो भर दिवसा शेंड्यावर बसतो, पण दिवसा बसलेला प्रत्येक पिंगळा रानपिंगळा नसतो. खात्री नसेल तर 'पिंगळा, जात अनिश्चित' असं लिहायला लाजू नका.

एक खोटी नोंद काय करते ते याच पक्ष्याने दाखवलंय. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कुणाला मिळाला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मात्र १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला एक मिळवल्याचं लिहून ठेवलं. त्यामुळे शोधणारे तिकडेही गेले आणि हात हलवत परतले. तो नमुना संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी डकवलेला होता. मुळात तो जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खान्देशात गोळा केलेला. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी खोट्या नोंदी बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी सापडला तो आपल्या शहाद्याजवळ. ११३ वर्षांनी!

आवाज लावून बोलावणे

स्पीकरवर हाक वाजवली की नर हद्द राखायला धावून येतो. पुढच्या थांब्यावर पुन्हा वाजवली की तोच मागोमाग येतो आणि वहीत दोन होतो. वापरायचंच असेल तर थांब्यांमध्ये पुरेसं अंतर ठेवा, आवाज थोडाच वेळ लावा, घरट्याजवळ अजिबात नको. फोटोसाठी तर नकोच.

समाईक आकडा शून्य आला तर?

पहिल्याला ३, दुसऱ्याला २, समाईक ० : शून्याने भागता येत नाही म्हणून पोरं अडतात. त्यासाठी सुधारित सूत्र आहे. दोन्ही आकड्यांत एकेक मिळवून गुणायचं, समाईकमध्ये एक मिळवून त्याने भागायचं, शेवटी एक वजा. उत्तर येतं ११. पण पाच पक्ष्यांवरून काढलेला हा ११ अहवालात छापू नका. आधी वह्या तपासा : घड्याळं जुळत होती का, दोघं एकाच दिशेला तोंड करून होते का, दिशा लिहिताना एकाने होकायंत्र उलटं धरलं होतं का. एवढं करूनही शून्यच राहिला तर त्या वाटेवर आणखी फेऱ्या कराव्या लागतील, आणि तोवर अहवालात 'माहिती अपुरी' एवढंच लिहायचं.