दुखापतीनंतर ओढायचा हात बदलताय? या चुका टाळा

माझा उजवा खांदा दुखावला तेव्हा वाटलं, डावा हात आहेच की! इतकी वर्षं धनुष्य धरलंय, आता नुसती बाजू बदलायची. काही दिवसांतच डावं कोपर ठणकायला लागलं आणि उजव्या खांद्याची कळही कमी होईना. तेव्हा जे जे चुकलं, ते इथे मांडतो. उजव्या हाताने दोरी ओढणारा तिरंदाज डाव्या हाताकडे वळतोय, असं धरून लिहिलंय. तुमचं उलट असेल तर डावं-उजवं बदलून वाचा.

‘दुखरा हात आता मोकळा झाला’ असं समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ओढणारा हात जेवढ्या जोराने दोरी मागे खेचतो, तेवढाच दाब धनुष्य धरणाऱ्या हातावर येतो. म्हणजे 40 पाउंडांचं (पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं) धनुष्य पूर्ण ओढलं की पुढच्या हातालाही 40 पाउंड पेलावे लागतात. शिवाय धनुष्याचं स्वतःचं वजन, बाण सुटल्यावर बसणारा हादरा, आणि हे सगळं हात खांद्याच्या उंचीला आडवा लांब केलेला असताना. खांद्याच्या आतले स्नायूबंध दुखावले असतील तर नेमकी हीच अवस्था त्यांना सोसत नाही. बाजू बदलली की दुखऱ्या हाताचं काम बदलतं, काम संपत नाही.

म्हणून आधी दुखणं कुठे आहे ते नीट ओळखा. बोटं दुखत असतील, किंवा कोपराच्या आतल्या बाजूला बोटं वळवताना कळ येत असेल, तर बाजू बदलण्याचा चांगला फायदा होऊ शकतो, कारण धनुष्य मुठीत आवळायचं नसतंच, ते तळव्यावर टेकलेलं असतं. दुखणं खांद्यात असेल तर मात्र फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय बाजू बदलू नका. आणि ‘तिरंदाजी करू का?’ असं मोघम विचारू नका. ‘हात आडवा सरळ ठेवून त्याच्यावर समोरून 20 पाउंडांचा दाब दिवसातून तीस वेळा आला तर चालेल का?’ असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं.

जुनंच धनुष्य उलटसुलट करून वापरणं

उजव्या हाताच्या रिकर्व्हला (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला) बाण ठेवायची खाच डाव्या अंगाला कापलेली असते. डाव्या हाताने ओढताना बाण उजव्या अंगाला यायला हवा आणि तिथे ना शेल्फ (बाण टेकायचा कठडा) असतं, ना बाणाला सरळ जायला वाट. काहीजण धनुष्य वरचं खाली करतात. खाच उजवीकडे येते खरी, पण शेल्फ बाणाच्या खाली यायच्याऐवजी वर छतासारखं येतं. वरच्या-खालच्या पात्यांचा तोलही त्या उलट्या स्थितीसाठी केलेला नसतो. हा खटाटोप करूच नका.

तुमचं धनुष्य तीन तुकड्यांचं, सुटं करता येणारं टेकडाउन असेल तर फक्त डाव्या हाताचा रायझर (मुठीचा मधला भाग) घ्या. लिम्बना (वरच्या-खालच्या पात्यांना) डावं-उजवं नसतं, त्यामुळे जुने लिम्ब बसत असतील तर पुढे कामी येतात. सुरुवातीला हलके मात्र घ्यावेच लागतील. शेल्फ नसलेलं, सरळ मुठीचं धनुष्य असेल तर ते दोन्ही हातांनी चालतं. तिथे बाण बोटाच्या सांध्यावरून जातो आणि पिसाचा कडक देठ कातडी सोलतो, म्हणून धरणाऱ्या हातात पातळ हातमोजा घाला. बाणांची पिसं बदलायची गरज नाही. वेगळ्या रंगाचं पीस पूर्वीसारखंच धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला येईल असा बाण अर्धा फिरवून लावला की झालं.

आर्मगार्ड (दोरीच्या फटक्यापासून हात वाचवणारा पट्टा) आठवणीने उजव्या हाताला बांधा. मी पहिल्या दिवशी सवयीने डाव्यालाच बांधला होता. दोरीचा वळ आठवडाभर गेला नाही.

बाण उजवीकडे गेला की जुन्या सवयीने निदान करणं

सगळ्यात जास्त वेळ माझा इथे गेला. उजव्या हाताने मारताना बाण सतत उजवीकडे जात असतील तर आपण म्हणतो, बाण मऊ पडतोय, म्हणजे धनुष्याच्या जोराच्या मानाने जास्त वाकतोय. डाव्या हाताने हे बरोबर उलटं होतं. बाण ताठ असला तर तो उजवीकडे जातो. जुना अनुभव सांगतो म्हणून आपण आणखी ताठ बाण घेतो आणि प्रकरण चिघळतं.

त्यात भर डोळ्याची. दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांचा त्रिकोण करून त्यातून दूरची वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू त्रिकोणातच राहते, तो तुमचा प्रभावी डोळा. तो उजवा असेल आणि बाण डाव्या डोळ्याखाली असेल, तर टोक लक्ष्यावर दिसत असूनही बाण उजवीकडे रोखलेला असतो. दोन डोळ्यांत साधारण 6 सेंटीमीटर अंतर आणि बाण सुमारे 70 सेंटीमीटर लांब धरला, तर 10 मीटरवर हा फरक पाऊण मीटरच्या पुढे जातो. नेम मनाने, न मोजता धरणाऱ्यांनाही हे चुकत नाही.

म्हणजे ताठ बाण आणि उजवा डोळा, दोन्हींची खूण एकच. वेगळं करायचं तर उजवा डोळा मिटून सहा बाण मारा. बाण मध्याकडे सरकले तर दोष डोळ्याचा. चष्मा असेल तर उजव्या काचेवर, जिथून बाणाचं टोक दिसतं तेवढ्याच जागी अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा. उजेड येतो, पण डोळा लुडबुड करत नाही. बाण तिथेच एकत्र रुतत राहिले तर बहुधा ते ताठ आहेत. हलक्या धनुष्याला मऊ स्पाइनचे (कमी ताठपणाचे) बाण लागतात, तेव्हा जुना संच बाजूला ठेवा, किंवा जड टोक लावून बघा. बाण कापू मात्र नका, आखूड झाला की तो आणखी ताठ होतो. आणि बाण एकत्र न पडता चहूकडे विखुरत असतील तर स्पाइनचा विचारच नको, रिलीज (दोरी सोडणं) कच्चं आहे.

जुन्या हाताच्या धनुष्याचं ओढवजन नव्या हाताला देणं

डोक्याला सगळं येत असतं, डाव्या पाठीला काहीच येत नसतं. 18 ते 20 पाउंडांपासून सुरू करा, मग तुम्ही पूर्वी कितीही ओढत असा. नव्या बाजूने ओढ (दोरी मागे येण्याचं अंतर) बहुतेकदा आखूडच भरते. 28 इंचांवर मोजलेलं 40 पाउंडांचं धनुष्य 26 इंचांपर्यंतच आलं तर हातात साधारण 35 पाउंडच येतात. हे लक्षात न घेता बाण निवडले की पुन्हा तोच ताठपणाचा घोळ.

स्नायू लवकर तयार होतात, स्नायूबंधांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. ‘जमतंय की’ असं वाटायला लागतं तेव्हाच कोपर दुखतं. पहिले काही आठवडे तीन-चार मीटरवर बाण रुतवायच्या मोठ्या गादीसमोर उभे राहा, नेम धरू नका. अँकर (ओढलेला हात टेकायची ठरलेली जागा) गालावर कुठे लागतोय, खांदा खाली आहे का, एवढंच बघा. दिवसाला वीस-तीस बाण पुरेत. गुण मोजायचेच नाहीत, कारण तुलना जुन्या हाताशी होते आणि माणूस विनाकारण खचतो.

मध्येच जुन्या हाताकडे वळणं

‘सव्यसाची झालास!’ म्हणून मित्र कौतुक करतात आणि मग दोन बाण या हाताने, दोन त्या हाताने मारायचा मोह होतो. एका बैठकीत दोन्ही बाजू नकोत. दुखापत भरलेली नसते आणि नवी सवयही बसलेली नसते. परतायचंच असेल तर दुखणाऱ्या हाताने आधी रबरी पट्टी ओढून पाहा. पुढच्या दोन दिवसांत, रात्री त्या कुशीवर झोपल्यावरही कळ आली नाही, तर हलकं धनुष्य घ्या. तेही तीन मीटरवरून, आणि पहिल्या दिवशी सहाच बाण.