उलटं दादर

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी दादरचा फूलबाजार निवडला. सरांची अट एकच: उठाव छपाईचे निदान तीन प्रकार करून बघायचे. तोवर लिनोकट, म्हणजे लिनोलियमचा मऊसर तुकडा कोरून काढलेला छाप, मला शाळेतल्या बटाट्याच्या ठशाचा थोरला भाऊ वाटायचा. तत्त्व तेच आहे म्हणा. कोरलेला भाग कोरा राहतो, उरलेल्याला शाई लागते. पण पेन्सिलीला सरावलेला हात काळी रेघ काढायला जातो आणि उमटते पांढरी. हे डोक्यात शिरेपर्यंत माझ्या दोन प्लेटा वाया गेल्या. शेवटी चित्रकार नंदलाल बोस यांचा 1930 चा दांडीयात्रेतल्या गांधीजींचा लिनोकट समोर ठेवून बसले. सगळा काळोख, त्यात मोजक्या पांढऱ्या रेषा. मी भलतंच कोरत होते!

नवख्यांनी लिनोच घ्यावा. त्याला लाकडासारखे रेषे नसतात, हत्यार हवं तसं वळतं. कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेवा, मग खरवस कापल्यासारखा कापला जातो. एक व्ही आणि एक यू आकाराच्या पात्याचं हत्यार पुरे. मी बाराचा संच आणला, त्यातली दहा अजून डब्यात आहेत. दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवा. माझ्या डाव्या अंगठ्यावर खूण आहे.

शाई काचेवर पातळ पसरायची. रोलर फिरताना बारीक चरचर ऐकू आली की ठीक. पचपच आवाज आला तर शाई जास्त आहे, आणि झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा होणार. प्रेस मिळाला नाही तर कागदाच्या पाठीवर स्टीलचा चमचा घासा. माझे निम्मे प्रूफ, म्हणजे चाचणीचे छाप, तसेच काढलेत.

प्लायवर वुडकट केला तेव्हा तारेच्या ब्रशने घासून रेषे मोकळे केले आणि त्यातून पहाटेचा ओला रस्ता आपोआप मिळाला. पुठ्ठ्यावर गोणपाट आणि सुतळी चिकटवून कोलाग्राफही केला. वर वार्निश द्यायला विसरू नका, नाहीतर शाई पुसताना पुठ्ठाच सोलून येतो.

खरा घाम काढला रिडक्शनने. पिकासोने लिनोत गाजवलेली ही पद्धत: एकच प्लेट, आधी फिकट रंग छापायचा, मग तीच आणखी कोरून त्यावर गडद. मागे फिरायची सोय नाही. पिवळा छापून झाल्यावर पिवळं राहायला हवं तेवढं कोरून टाकलं, की आणखी एक पिवळी प्रत काढता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच जास्तीचे कागद छापा. मी आठ घेतले. पावसाळ्यात तेलाची शाई चार दिवस वाळेना. घाईने केशरी चढवला, दोन कागद चिकटून फाटले. काळ्याच्या वेळी एक सरकला. पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवून कागद त्यात टेकवायचा असतो, तो मी ‘अंदाजे’ लावला होता. उरले पाच. म्हणून प्रतीखाली 1/5 (पाचांतली पहिली) असे आकडे सगळं संपल्यावरच घालावेत.

आणि अक्षरं उलटी कोरायची, हे मला माहीत होतं. तरीही पहिल्या प्रूफात पाटीवरचं ‘दादर’ उलटं आलं. शिरोरेषा मात्र अगदी सरळ होती. सरांनी तेच प्रूफ वर्गात लावलं.