अळीच्या रंगावर विसंबू नका: हरभऱ्यातील या चुका टाळा

मराठवाड्यात हरभरा फुलोऱ्यात आला की अनेक शेतकरी हमखास विचारतात, की वावरात हिरव्या, तपकिरी आणि गुलाबीसर अशा तीन जातींच्या अळ्या आहेत, तर औषधेही तीन आणावीत का. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण बहुतेक वेळा ती एकच घाटेअळी असते. तिच्या रंगात अन्नाचा मोठा वाटा असल्याने पाने, फुले आणि घाटे खाऊन वाढलेल्या अळ्या निरनिराळ्या दिसू शकतात. म्हणून रंगाऐवजी अंगाच्या दोन्ही बाजूंना लांबीने जाणाऱ्या तुटक करड्या रेषा पाहाव्यात. उलट, कपाशीतील गुलाबी बोंडअळी ही खरोखरच वेगळी जात आहे आणि लहान असताना ती पांढुरकी असते. तेथेही केवळ रंगावर गेलात तर फसाल.

दुसरी चूक म्हणजे धुऱ्यावर उभे राहून पीक निरोगी ठरवणे. हिरव्या फांदीवरची हिरवी अळी उभ्याने दिसत नाही. खाली बसून फांद्या बाजूला सारा. पानांवर विष्ठेचे बारीक दाणे आणि घाट्याला गोल छिद्र दिसेल, आणि कधी डोके घाट्यात व उरलेले अंग बाहेर, अशी अळीच सापडेल.

अळी सरड्यासारखी क्षणात रंग बदलते, हा समजही सोडावा. ब्रिटनमधील एका पतंगाच्या अळ्यांचे डोळे रंगाने झाकले, तरी त्या भोवतालच्या काडीसारख्या रंगाच्या झाल्या, म्हणजे त्यांना त्वचेनेही प्रकाश जाणवतो, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मात्र या बदलाला अनेक दिवस लागतात. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडावरची अळी तर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि शेवटची कात टाकल्यावर हिरवी होते. तिलाही लोक दोन किडी समजतात.

शेंड्यावर उलटी लटकलेली, काळी पडून लिबलिबीत झालेली अळी मात्र लपण्यासाठी काळी झालेली नसते. बहुधा ती विषाणूने मेलेली असते आणि तिच्या अंगातून पाझरणाऱ्या द्रवामुळे तो विषाणू इतर घाटेअळ्यांपर्यंत पोहोचतो. अशा अळ्या वेचून फेकू नयेत, आणि त्या वावरात फवारणीची घाई करण्याआधी जिवंत अळ्या किती उरल्या आहेत, हे ओळीओळीने मोजावे.