कार्दामिली बघायचं असेल तर आधी समुद्राकडे पाठ करा

ग्रीसच्या दक्षिणेला, पेलोपोनीजमधल्या मानी भागात कार्दामिली म्हणून एक छोटंसं गाव आहे. बहुतेक लोक येतात, बीचवर पडतात, मासे खातात आणि निघून जातात. मजा येते, पण गावाचा खरा इतिहास वरच्या अंगाला आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की सकाळी वर जा, पोहणं दुपारनंतर.

पोचायला आधी कालामाता या जवळच्या शहरात यायचं, तिथं एअरपोर्टपण आहे. तिथून गाव साधारण ३५ किमी, रस्ता नुसता वळणावळणाचा, उलटीचा त्रास असेल तर गोळी घेऊनच बसा. केटेलची (ग्रीसमधली बस सेवा) बस जाते पण फेऱ्या कमी असतात, त्यामुळे परतीची वेळ तिकीट काढतानाच विचारून घ्या. सुटे युरो जवळ असू द्या.

मेन रोडवरून पाचेक मिनिटं आत चाललं की जुनं कार्दामिली लागतं. मुर्त्झिनोस घराण्याचा उंच दगडी बुरूज, तटबंदी आणि सेंट स्पिरिडॉनचं चर्च, सगळं एकाच आवारात. चर्चच्या भिंतीजवळ जाऊन बघा, दारं-खिडक्यांभोवती जुन्या संगमरवराचे कोरीव तुकडे बसवलेत, म्हणजे आधीच्या कुठल्या तरी इमारतीचा माल इथं परत वापरलाय. बुरुजाच्या भिंतीतल्या बंदुकीच्या फटीपण शोधा. तुर्कांच्या काळात मानी कधीच पुरतं त्यांच्या हाताखाली आलं नाही, इथले कापितान, म्हणजे स्थानिक सरदार, आपापल्या बुरुजातून कारभार बघायचे आणि एकमेकांशीही भांडायचे. १८२१ च्या जानेवारीत ग्रीक स्वातंत्र्यलढ्याचा सेनानी कोलोकोत्रोनिस झाकिंथोस बेटावरून गुपचूप इथंच मुर्त्झिनोसकडे येऊन राहिला आणि तुर्कांविरुद्ध उठावाची जमवाजमव सुरू झाली, २३ मार्चला कालामाता तुर्कांच्या हातातून सुटलं. हे डोक्यात ठेवून बुरूज बघितला तर तो नुसता फोटोचा बॅकग्राउंड राहत नाही.

तिथूनच मागे आगिया सोफिया गावाकडं पायवाट चढते. जुनी दगड बसवलेली खेचरांची वाट आहे, दगड घासून घासून गुळगुळीत झालेत, चपला घालून जाऊ नका, ग्रिप असलेले बूट हवेत. थोडं वर गेलं की कातळात कोरलेली दोन थडगी दिसतात. लोक म्हणतात ही ग्रीक पुराणातल्या कास्टर आणि पॉलिड्युसिस या जुळ्या भावांची. एक मर्त्य, एक अमर, आणि भाऊ गेल्यावर अमर असलेल्यानं आपलं अमरत्व त्याच्याबरोबर वाटून घेतलं अशी कथा. थडगी खरंच त्यांची का हे विचारत बसू नका, जागा भारी आहे.

जुनं गाव असं आत आहे ते आजचं नाही, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा ग्रीक प्रवासी लेखक इथं आला तेव्हाही त्यानं लिहिलंय की कार्दामिली समुद्रापासून ८ स्टेडिया आत, म्हणजे दीडेक किमी. आणि त्याच्याही कितीतरी आधी होमरच्या इलियड या महाकाव्याच्या नवव्या सर्गात या गावाचं नाव आहे, रुसलेल्या अकिलिस या योद्ध्याला मनवायला ग्रीक सैन्याचा प्रमुख राजा आगामेम्नॉन जी सात गावं देऊ करतो त्यातलं हे एक. अकिलिसनं ऑफर धुडकावली ते सोडा.

आगिया सोफियापर्यंत तासभर धरा, दीड लिटर पाणी न्या, वाटेत सावली कमी. वरून एकीकडे मेसिनियाचं आखात आणि दुसरीकडे विरोस घळ दिसते, मागे ताइगेटोसचा डोंगर, सर्वात उंच टोक २४०० मीटरच्या वर. घळीत उन्हाळ्यात पाणी नसतं, पांढऱ्या गोट्यांचं कोरडं पात्र असतं. त्यातून चालता येतं पण घोटे सांभाळा, आणि पावसाची शक्यता असेल तर अजिबात उतरू नका.

खाली आल्यावर मग रित्सा बीच. वाळू नाही, सगळे गोटे, पोहायचे बूट असतील तर बरं. समोर मेरोपी नावाचं पिटुकलं बेट दिसतं. स्तूपा नावाच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा फोनेआस बीच जास्त सुंदर आहे असं माझं मत, पण ऑगस्टमध्ये पार्किंग मिळणं अवघड.

पॅट्रिक ली फर्मर या ब्रिटिश लेखकाचं घर गावाच्या दक्षिणेला कालामित्सीला आहे. २०११ मध्ये तो वारला, घर त्यानं अथेन्सच्या बेनाकी म्युझियमला देऊन ठेवलं होतं. तिथं थेट जाऊन दार वाजवायचं नाही, बघायचं असेल तर म्युझियमकडे आधी बुकिंग करा, आणि ते तारीख देतील त्याप्रमाणे बाकीचा प्लॅन बसवा.