डायनोसॉर बघायचा तर पक्ष्याच्या पायांकडे बघा

पक्ष्यांच्या फोटोंत बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात, पसरलेले पंख नाहीतर चमकणारा डोळा. पण पक्षी हे दोन पायांवर चालणाऱ्या थेरोपॉड डायनोसॉरच्या कुळातले, हे सगळ्यात उघड दिसतं ते कमरेखाली. म्हणून उडणाऱ्यांपेक्षा चालणारे पक्षी निवडा: टिटवी, लांब टांगांचा शेकाट्या, वंचक (एक छोटा बगळा), जांभळी पाणकोंबडी. त्यासाठी लांब जायची गरज नाही. पाणी ओसरून कडेला चिखल उघडा पडलेला गावतळ्याचा काठ पुरतो. पुणेकरांना उजनीच्या फुगवट्यावरचं भिगवण आहेच. आणि सरावाला अंगणातल्या कोंबडीसारखा डायनोसॉर नाही.

आधी दुर्बिणीतून पाय समजून घ्या. बगळ्याचा जो ‘उलटा वळणारा गुडघा’ दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर, पिसांत दडलेला. घोट्याखालची काडी म्हणजे तळपायाची जोडली गेलेली हाडं, आणि जमिनीला टेकतात ती फक्त बोटं. टी-रेक्सही असाच बोटांवर चालायचा. पुढच्या तीन बोटांत आतून बाहेर मोजलं तर, नखाचं हाड धरून, ३, ४, ५ हाडं. थेरोपॉडच्या पायात हाच क्रम सापडतो. टिटवीचं मागचं बोट इवलंसं आणि वर चढलेलं, शेकाट्याला तर ते नाहीच. बगळ्याचं मागचं बोट मात्र लांब, फांदी पकडायला. थेरोपॉडचं ते बोट बहुधा टिटवीसारखं आखूड असे, म्हणून सुरुवात टिटवीपासून करावी.

फोटो काढताना कॅमेरा पक्ष्याच्या पोटाच्या उंचीला आणा, म्हणजे जवळपास आडवंच व्हा. उभं राहून काढला की पाय आखूड दिसतात आणि मागे नुसता चिखल येतो. ३०० ते ४०० मिमीची लेन्स आणि १/१२५० सेकंदाचं शटर चालणाऱ्या पक्ष्याला पुरतं. अडचण होते ती फोकसच्या खोलीची. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमी, ८ मीटर अंतर आणि लेन्सचं छिद्र एफ ५.६ असेल तर जेमतेम ९ सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो. डोळा धरला की पुढचा पाय पुसट. त्यावर उपाय दोन: छिद्र लहान करून एफ ८ घ्या, आणि पक्षी अगदी बाजूने दिसेपर्यंत थांबा. पायावरचे खवले मोजता आले तर फोटो जमला. पांढऱ्या बगळ्याला कोवळ्या उन्हातही एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), नाहीतर पिसांचा चुना होतो. साडेनऊ-दहानंतर तापलेल्या चिखलावरून हवा थरथरते आणि सगळे फोटो मऊ, म्हणजे पुसट येतात. तेव्हा लेन्सला दोष देऊ नका, घरी जा.

चाल टिपायची तर मानेचा ताल ओळखा. कोंबडी किंवा कबूतर डोकं झटक्यात पुढे नेतं, मग ते हवेत स्थिर ठेवतं आणि अंग मागून येतं. त्या स्थिर क्षणी बटण दाबलं तर डोळा हमखास धारदार येतो. मात्र कोंबडीची चाल ही टी-रेक्सची हुबेहूब नक्कल समजू नये. जड शेपटी गेल्यामुळे पक्ष्यांचा तोल पुढे सरकला, मांडी जवळजवळ आडवी झाली आणि पाऊल मुख्यतः गुडघ्यातून पडू लागलं. चिलीतल्या संशोधकांनी कोंबडीच्या पिल्लांना कृत्रिम शेपटी बांधून वाढवलं (२०१४), तर त्यांची मांडी उभी झाली आणि पाऊल कमरेतून पडू लागलं!

पक्ष्याच्या हातातला, म्हणजे पंखातला, डायनोसॉर दिसतो तो पक्षी उतरताना. पंखाच्या पुढच्या कडेला, मनगटापाशी, पिसांचा एक छोटा झुपका उभा राहतो. तो पंखाचा अंगठा. उतरताना वेग कमी होतो तेव्हा तो पंखावरची हवा सुटू देत नाही. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध उतरतात, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीला हवेत. १/२५०० शटर, सलग फ्रेम. घार आणि गायबगळ्यात हा अंगठा चांगला दिसतो.

पक्षी उडून गेल्यावर त्याचे ठसे बघायला विसरू नका. चिखल मळलेल्या कणकेसारखा हवा. पातळ असेल तर तो परत आत वाहतो आणि बोटं खऱ्याहून बारीक दिसतात. ऊन तिरपं असताना, कॅमेरा बरोबर वरून आणि जमिनीला समांतर धरून फोटो घ्या. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते २७ मिमी असतं. फोटोत उजेड वरच्या बाजूने येऊ द्या, नाहीतर खळगा उंचवट्यासारखा भासतो. एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांतलं अंतरही मोजा. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ मध्ये डायनोसॉरचा वेग काढला तो अशाच मापांवरून, कमरेची उंची पावलाच्या ठशाच्या लांबीच्या चौपट धरून. शेकाट्याच्या टांगांपुढे हा चौपटीचा हिशेब साफ फसतो.

आपल्याकडचा डायनोसॉर म्हणून चंद्रपूरच्या डोंगरगावचा इसिसॉरस आठवेल. पण तो लांब मानेचा, शाकाहारी, दुसऱ्याच शाखेचा. पक्ष्यांचा चुलता म्हणा हवं तर.

उन्हाळ्यात टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर पुढे पाऊल टाकू नका. अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि खड्यांत मिसळून जातात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. आल्या वाटेने मागे फिरा. ती उन्हात अंड्यांपासून जितका वेळ दूर राहील तितकी ती तापत जातात.