डायनो-डेची चुरस रंगवायची असेल, तर या चुका टाळा

डायनो-डे, म्हणजे गाड्यांची शक्ती डायनो या रोलर असलेल्या यंत्रावर मोजून घेण्याचा दिवस, ठरला की गाड्या रोलरवर चढण्याच्या कितीतरी आधी मित्रांमध्ये दावे-प्रतिदावे सुरू होतात आणि त्यातच पहिली चूक घडते: माहितीपत्रकातील आकडा हा पाया धरला जातो. तो आकडा इंजिनच्या क्रँकशाफ्टवरचा, म्हणजे इंजिनमधून शक्ती बाहेर देणाऱ्या दांड्यावरचा असतो, तर चॅसिस डायनो चाकांवर पोहोचलेली शक्ती मोजतो. मधल्या मध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर आपापला वाटा घेतात. त्यामुळे १५० हॉर्सपॉवरची म्हणून विकली गेलेली गाडी रोलरवर १२५ ते १३० दाखवत असेल, तर तिच्यात बिघाड आहे असे मुळीच नाही. चाकांवरच्या आकड्यात अंदाजाने पंधरा-वीस टक्के मिळवून 'क्रँकची' शक्ती काढण्याचा मोहही टाळावा, कारण वाटेतली ही घट प्रत्येक गाडीत वेगळी असते आणि टक्केवारी नेहमी मालकाच्या सोयीने निवडली जाते.

सर्वाधिक भांडणे मात्र करेक्शन फॅक्टरवरून होतात. हवेचे तापमान, दाब आणि आर्द्रता बदलली की इंजिनची शक्तीही बदलते, म्हणून डायनोचे सॉफ्टवेअर मोजलेला आकडा ठरावीक हवामानाशी जुळवून घेते. वाहन अभियंत्यांच्या 'एसएई' या संस्थेच्या जे१३४९ या मानकात हे तापमान २५ अंश सेल्सिअस धरले आहे. जुने 'एसटीडी' करेक्शन अधिक थंड हवा गृहीत धरते आणि सुमारे चार टक्के जास्त आकडा दाखवते. म्हणजे २०० हॉर्सपॉवरच्या गाडीत आठ हॉर्सपॉवर केवळ एक पर्याय बदलल्याने वाढतात, आणि मित्रांमधली पैज अनेकदा त्याहून कमी फरकावर लागलेली असते. शिवाय उंचावरच्या ठिकाणी टर्बो गाडीला हेच करेक्शन अवाजवी फायदा देऊ शकते, कारण तिचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) विरळ हवेतही बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, बराचसा राखतो. सर्व गाड्यांना एकच करेक्शन आणि आलेखाचे एकच स्मूदिंग (रेषेतील चढउतार गुळगुळीत करण्याचे प्रमाण) लावावे आणि मूळ, न सुधारलेला आकडाही मागून घ्यावा. वेगळ्या डायनोवरचा जुना कागद या स्पर्धेत ग्राह्य धरू नये.

'पुल', म्हणजे ॲक्सलरेटर पूर्ण दाबून केलेली एक मोजणी, घेताना गिअर शक्यतो १:१ गुणोत्तराच्या जवळचा असावा. ऑटोमॅटिक गाडीत ॲक्सलरेटर पूर्ण दाबताच किकडाउन होऊन खालचा गिअर पडला, तर तो पुल बाद धरावा. लागोपाठच्या पुलांमध्ये शक्ती उतरत गेली, तर आधी तापलेल्या इंटरकूलरकडे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) पाहावे; पंखा, बॉनेटची स्थिती आणि दोन पुलांमधील विश्रांती सर्वांना सारखी नसेल, तर निकालाला अर्थ उरत नाही. टायरमधील हवा आणि गाडी डायनोवर बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा ताण यांनीही आकडा हलतो.

आलेख विचित्र दिसला की लगेच ट्यूनरला, म्हणजे इंजिनची सेटिंग बदलून देणाऱ्याला, दोष दिला जातो, हेही घाईचे आहे. इंजिनचे आरपीएम चढत असताना इंजिनची शक्ती मिळणाऱ्या चाकांचा वेग मागे राहिला, तर क्लच घसरतो आहे; चाकांचा वेग आरपीएमबरोबर वाढूनही रोलर मागे पडला, तर टायर घसरतो आहे. वरच्या आरपीएमला रेषा करवतीसारखी झाली, तर स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल तपासावेत. शक्ती अचानक कापली गेली, तर चाके घसरू नयेत म्हणून शक्ती कमी करणारे ट्रॅक्शन कंट्रोल सुरू राहिले असण्याची शक्यता मोठी, कारण दोन चाके स्थिर आणि दोन फिरती हे त्याला घसरणेच वाटते. नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याचा खडखडाट) ऐकू आले किंवा पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण लीन झाले, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडले, तर पैज विसरून पाय तत्काळ उचलावा. कायम चारही चाकांना शक्ती देणारी गाडी दोन चाकांच्या डायनोवर चढवूच नये, आणि फिरत्या रोलरच्या रेषेत, मागे किंवा पुढे, मोबाइल घेऊन उभे राहण्याची हौस कोणालाही करू देऊ नये.

विजेता कसा ठरवायचा, हे बहुतेक गट शेवटपर्यंत ठरवतच नाहीत. निव्वळ सर्वाधिक हॉर्सपॉवर हा निकष ठेवला, तर मोठ्या इंजिनाचा मालक घरातूनच जिंकून येतो. त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या गाडीचा चाकांवरचा आकडा चिठ्ठीवर लिहून आधी जमा करावा आणि ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा ठरेल, त्याला विजेता मानावे. पहिली गाडी रोलरवर चढल्यानंतर चिठ्ठीत खाडाखोड चालणार नाही, हेही तेव्हाच ठरवून टाकावे.